साठीनंतरची शिकाऊ

निवृत्त बाईला "तुम्हाला वेळ असतो ना?" असं कोणी विचारलं, की समजावं, काम आधीच ठरलेलं आहे. रविवारची मिस्सा संपवून मी चर्चच्या पायऱ्या उतरत होते, फादरांनी हाच प्रश्न केला, आणि "असतो की" म्हणून मी अडकले. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) नेऊन द्यायचं होतं. मी म्हटलं, फादर, हे काम तुमचं. आम्ही प्रापंचिकांनी त्याला हात कसा लावायचा? ते म्हणाले, १९७३ सालापासून तुमचंही आहे, पोप सहावे पॉल यांच्या मान्यतेने त्या जानेवारीत तसं पत्रक निघालंय. उभा जन्म पोस्टात काढलेल्या बाईसमोर पत्रकाचं नाव निघाल्यावर ती काय बोलणार?

निवृत्तीचे माझे बेत वेगळे होते. दुपारची झोप, संध्याकाळी रोझरी, वाचायची राहिलेली पुस्तकं. आणि श्रद्धेच्या बाबतीत एक प्रकारची स्वस्थता. ती वयाबरोबर आपोआप येते, असं मी धरून चालले होते. माझी वसईची आजी खाटेवर बसून माळ ओढायची, चेहऱ्यावर एक सुरकुती हलायची नाही. तिच्या मनात काय चाललंय हे तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही. ते विचारायची वेळ माझ्यावर आता आली, आणि तीही दुसऱ्यांच्याच आज्यांना.

तारोडी हे माझं सासर. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरायची. मुर्धे, राई, मोर्वा, कडेची मिठागरं, आणि मग शहर मागे टाकून डोंगरी, तारोडी, उत्तन हा धारावी बेटाचा भाग. मुंबईतली धारावी वेगळी. इथे महानगरपालिका २००२ साली झाली, पण गावाचं गावपण पालिकेच्या ठरावाने जात नाही. इथले आम्ही ईस्ट इंडियन, शेजारी आगरी आणि कोळी, खाडीपलीकडे वसई. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला नि पूर्वज ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा युरोपीय पाद्री निघून गेले. राहिले ते इथलेच पाद्री आणि इथलीच माणसं. धर्म परक्यांबरोबर गेला नाही, याचं श्रेय मी तरी घरातल्या बायकांना देते. याला पुरावा मागू नका.

नोकरीची सगळी वर्षं आम्ही मुंबईत काढली, गावात यायचो ते सणाला आणि मयताला. त्यामुळे निवृत्तीनंतर इथे राहायला आले तेव्हा मला पहिला प्रश्न यायचा तो "तू कोनाची गो सून?" साठी उलटलेल्या बाईला कोणी सून म्हटलं की बरं वाटतं, हेही खरं.

तर प्रशिक्षण. नेमणुकीचं पत्र मिळण्याआधी वर्ग झाले. त्यात मी सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले आणि मला सगळ्यांत कमी समजलं. पिक्स नावाची एक लहानशी धातूची डबी असते, हातघड्याळाच्या तबकडीएवढी. मिस्सा संपता संपता फादर तीत मोजून कम्युनियन ठेवतात. ती डबी एका पिशवीत, पिशवी गळ्यात, गळ्यातून थेट रोग्याच्या घरी. वाटेत बाजार करायचा नाही, चहाला बसायचं नाही, गप्पांत रमायचं नाही. घरी मेजावर पांढरं स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. गिळता येत नसेल तर अगदी लहान तुकडा द्यायचा. कम्युनियनआधी एक तास काही न खाण्याचा नियम म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही लागू नाही. उरलेलं कम्युनियन घरी ठेवायचं नाही, परत आणायचं. हिशेब चोख. हा भाग मला आवडला; रजिस्टर पत्रं सांभाळायला याहून फार वेगळं काही लागत नव्हतं.

पण तारोडीच्या रस्त्यावर गप्पा न मारता कसं चालायचं, हे वर्गात कोणी शिकवलं नाही. इथे माणूस दिसला की "कुठे चाललीस", "जेवलीस का" हे व्हायलाच हवं. न बोलता गेलं तर दुपारपर्यंत गावभर होतं की पोस्टातल्या बाईला निवृत्तीचा माज आला. मी फादरांना विचारलं. ते म्हणाले, हसा, मान डोलवा, चालत राहा. तशी मी हसत, मान डोलवत चालले. वडापाववाल्याने नवऱ्याला विचारलं, "काकींना बरं नाही का?"

पहिल्याच घरात माझी पंचाईत झाली. नव्वदीकडे झुकलेले आजोबा. सुनेने त्यांना आंघोळ घालून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसवलेलं. त्यांना मुलाचं नाव आठवत नव्हतं. मी पुस्तिका उघडून प्रार्थना वाचायला लागले, त्यांचं लक्ष खिडकीबाहेरच्या कोंबडीवर. "हे आमच्या स्वर्गातील बापा" सुरू केलं आणि ते माझ्याबरोबर, माझ्या पुढे, शेवटपर्यंत म्हणत गेले. मग पुन्हा कोंबडी. सून म्हणाली, रोज असंच. विसरण्याच्या या आजाराबद्दल डॉक्टर काय सांगतात ते मी नंतर वाचलं, जुनं पाठांतर उशिरा जातं वगैरे. पण तिथे त्या वेळी माझ्या हातातली पुस्तिका मला फार पातळ वाटली. येशू पेत्राला सांगतो की तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवं तिथे जायचास, म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधेल आणि नको तिथे नेईल. योहानाच्या शेवटच्या अध्यायातलं हे वचन चर्चमध्ये अनेकदा ऐकलं होतं. ते इस्त्रीच्या सदऱ्याबद्दलही असू शकतं, हे तिथे कळलं.

दुसऱ्या घरातल्या आजींना माझं मराठीच मान्य नव्हतं. त्यांचं लहानपण लॅटिन मिस्सेत गेलेलं, फादर पाठमोरे. मराठीत मिस्सा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे. तोवर त्यांच्या प्रार्थना पाठ होऊन, घट्ट होऊन बसल्या होत्या: थोडं लॅटिन, थोडं पोर्तुगीज, बाकी इथली बोली. लितानीला मी मराठीत प्रतिसाद दिला, त्यांनी "ओरा प्रो नोबिस" म्हणून तो खोडून काढला. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी २००२ मध्ये रोझरीत प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने घातली, ती गुरुवारी म्हणायची असतात. मी गुरुवारी गेले होते, म्हणून सुचवलं. त्या म्हणाल्या, "ती तुमची. मना जुनी पंधराच पुरतात." रहस्यं घालणारे पोप तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, हे मी सांगितलं नाही. ऐंशीच्या पुढच्या दोन माणसांत मी कशाला पडू?

तेलाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून प्रार्थना करायचा संस्कार आहे. पूर्वी तो मरायला टेकलेल्यालाच द्यायचे, नावच 'शेवटचं तेल'. १९७२ मध्ये विधी बदलला. गंभीर आजार असो, मोठं ऑपरेशन असो की म्हातारपणाने शरीर खचलेलं असो, तेव्हाही घ्यावा, पुन्हा पुन्हाही घेता येतो. पन्नास वर्षं झाली या बदलाला, पण गावात बातमी अजून पोचायची आहे. ११ फेब्रुवारीला, लूर्ड्स मातेच्या सणाला, आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो, १९९३ पासून. त्या आठवड्यात फादर तेल घेऊन घरोघरी निघाले आणि वाट दाखवायला मी पुढे. एका घरी आजीने आम्हाला अंगणातून येताना पाहिलं, फादरांच्या हातातली कुपी पाहिली, आणि त्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने मागच्या दाराने शेजारी गेली. तिथून आवाज आला: "डॉक्टर बोलला बीपी चांगला हाय!" फादरांनी कुंपणावरून अर्धा तास समजावलं. शेवटी ती आली, पण अट घातली की आधी फादरांनी मलाच तेल लावावं. मी कशी जगते ते ती बघणार होती.

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मधुमेह, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघे. "तुम्ही बसता नियमात," ते म्हणाले. कपाळावर तेलाचा अंगठा फिरला तेव्हा मला रडू आलं, आणि का आलं ते सांगता येणार नाही. मी तर वाट दाखवायला गेले होते. तोवर माझ्या मनात म्हातारी माणसं एका बाजूला होती आणि त्यांची सेवा करणारी मी दुसऱ्या बाजूला. आजी मात्र खूश. पुढच्या रविवारी मला जिवंत पाहून तिने समाधानाने मान हलवली.

निवृत्तीचा दुसरा धक्का राखेच्या बुधवारी बसला. मी सकाळपासून उपाशी होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. फादर सहज म्हणाले, तुम्हाला उपवास लागत नाही आता. चर्चच्या कायद्यात उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच आहे, म्हणजे एकोणसाठ पूर्ण झाली की संपलं. मांस वर्ज्य करण्याचा नियम तेवढा शेवटपर्यंत. सरकारने साठीला घरी पाठवलं होतं, चर्चने त्याच्याही वर्षभर आधी! मला राग आला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "पेन्शन किती देतात?" गावातल्या आज्या हा कायदा मानत नाहीत. ऐंशीच्या बाया राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला पाण्यावर राहतात आणि फादरांना सांगतात, तुम्ही जेवा, तुम्हाला काम असतं.

नोव्हेंबर महिना तर माझ्यासाठी कायमचा बदलला. पोस्टात नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला पेन्शनर रांगेत उभे. २०१४ पासून ते अंगठ्याच्या ठशावर व्हायला लागलं, आणि मासळी निवडून, मीठ हाताळून झिजलेले अंगठे यंत्र ओळखायचं नाही. "आजी, पुन्हा दाबा." "आजी, पुसून दाबा." समोर धडधडीत बसलेली बाई, आणि पडद्यावर ती सापडत नाही. त्याच महिन्याच्या २ तारखेला आमच्यात मृतांचा दिवस. कबरी धुवायच्या, फुलं, मेणबत्त्या, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. नोकरीत असताना २ नोव्हेंबरला मी कधी वेळेवर कब्रस्तानात पोचले नाही. जिवंतांची रांग मोठी असायची. आता जाते. माझ्या डबीतलं कम्युनियन घेणाऱ्या काही जणांची नावं तिथल्या फरशांवर लागली आहेत.

आता त्या आजीकडे येते, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले.

तिने तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन भाईंदर आणि मालाडच्या बाजारात मासळी विकली. गुडघे गेले तशी पडवीतल्या खाटेवर बसून असते. मुलगा तिच्याआधी गेला, आजाराने. मी डबी घेऊन गेले, मेणबत्ती लावली, तर म्हणाली, "नेवा परत. त्याला सांग, मी रागावलेय." वर्गातल्या वहीत यावर काही नव्हतं. मी तशीच परत आले आणि फादरांना विचारलं की आता काय. ते म्हणाले, राग आहे म्हणजे बोलणं चालू आहे. स्तोत्रसंहिता उघडून बघा, कितीतरी स्तोत्रं गाऱ्हाणीच आहेत. जात राहा. घेतलं तर घेतलं.

जात राहिले. तिला सांगायला म्हणून मी वाचू लागले. देवाने म्हातारपणी कामाला लावलेली माणसं बायबलमध्ये पैशाला पासरी आहेत: अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा असताना घर सोडून निघतो, सारा नव्वदीला आई होते, मंदिरात बाळ येशूला ओळखणारी हन्ना चौऱ्याऐंशीची विधवा. मी उत्साहाने सांगत होते. आजी म्हणाली, "साराला पोर दिला. माझा नेला." माझं पुस्तक मिटलं.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१३ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी राजीनामा दिला, जवळजवळ सहाशे वर्षांत असं झालं नव्हतं, हेही सांगून पाहिलं. थकल्याचं कबूल करायला मोठेपण लागतं, अशा हेतूने. ती म्हणाली, "पोपला निवृत्त होता येतं. मना सांग, आईने अर्ज कुठे द्यायचा?" त्यांच्या मागून आलेल्या पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी गावातल्या मुलांनी तिच्या हातात गुलाबाचं फूल आणि कागदी कार्ड दिलं. तिने फूल उशाशी ठेवलं आणि कार्डावरची चकमक पदराला लागली म्हणून कुरकुर केली.

शेवटी पंडिता रमाबाईंची गोष्ट काढली. केडगावला मुक्ती मिशन चालवता चालवता त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. वर्षानुवर्षं ते काम चाललं, छपाई तिथल्याच बायकांच्या हातची. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई त्याआधीच थकल्या होत्या, कानांनी कमी ऐकू येत होतं. तरी भाषांतराचं काम सोडलं नाही. ते हातावेगळं करून एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. पुस्तक बाहेर आलं ते त्यांच्या मागे, १९२४ मध्ये. मला वाटलं, एका आईची गोष्ट दुसऱ्या आईला लागेल.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिला काम होता. मना काय काम हाय?"

हे मी फादरांना न विचारता सोडवलं. पोस्टात कोणी नुसतं बसलेलं मला कधी बघवलं नाही. मी म्हटलं, आजी, माळेत पन्नास नमो मरिया आहेत. एकेका मण्यावर एकेका माणसाचं नाव घ्या. नावं मी आणते. ती म्हणाली, "आण. पन्नास आण, कमी नको."

गावात नावं गोळा करायला वेळ लागला नाही. बारावीची मुलं, लग्न न जमलेल्या मुली, केमो चालू असलेला एक रिक्षावाला, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कर्जात अडकलेली दोन घरं, डोंगरीच्या मेट्रो कारशेडसाठी तेव्हा जाणार होती ती झाडं. झाडं माणसं नाहीत म्हणून मी ती यादीतून वगळणार होते, तिने वगळू दिली नाहीत. आगरी शेजाऱ्यांचीही नावं येतात. त्यांना आजी चालते, आजीला ते चालतात. तिला लिहिता-वाचता येत नाही. यादी मी एकदाच वाचते, तिच्या डोक्यात ती राहते. कम्युनियन ती आता घेते. कधीपासून, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. राग गेलाय असंही नाही. मुलाचा विषय निघाला की वरच्या कौलांकडे बघून ती एक शब्द उच्चारते, जो इथे छापता येणार नाही.

पण खरी गोची पुढे आहे. ती पोच मागते. प्रत्येक रविवारी मी मेणबत्ती लावायच्या आधी हिशेब: "त्या पोराचा निकाल लागला? रिक्षावाला जेवतो का? त्या मुलीला बघायला आले होते, काय बोलले?" मला माहीत नसतं. तर मी आठवडाभर गावात चौकश्या करत फिरते, ज्यांच्याशी वाटेत बोलायचं नव्हतं त्यांच्याच दारात जाऊन बसते. नवरा म्हणतो, नोकरीत असताना तू इतकं फिरत नव्हतीस. श्रद्धेतली स्वस्थता तर सोडाच, माझी दुपारची झोपही गेली.

गेल्या महिन्यात वाड्यातल्या एका मुलाचं काम झालं. कॅनडाच्या व्हिसासाठी त्याचं नाव तिने कित्येक माळा धरून ठेवलं होतं. मी धावत सांगायला गेले. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "आई-बाप?" म्हटलं, तेही जाणार, नंतर. घर? घर बंद. आधीच त्या बाजूची बरीच दारं बंद आहेत. कोणी आखातात, कोणी मीरा रोडला, कोणी ऑस्ट्रेलियात. तिने माळ मुठीत गुंडाळली आणि मला दटावून सांगितलं, "आता व्हिसावाल्यांची नावं आणू नकोस. ती लवकर मंजूर होतात."